राब भाजायला गेलते

लोणावळे,
वैशाख वद्य पंचमी, सोमवार
ता. २० मे १९४६

चि. सौ. कस्तुरास,

बाईंचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. महिपतरावांचा गुडघा आता बरा असेल. तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांग, ते ऐकत नसले तरी सांग. मुलांना पापा.

आज सकाळी दारावर करवंदं आली आणि मी उगाच दोन द्रोण घेतले. आठवतं का तुला, एका मेच्या सुट्टीत आपण दोघी माझ्या मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो? तू अकराची असशील. मी तांदूळ निवडत होते आणि तू एकेक करवंद ओठांशी धरून विचारत होतीस, "बाई, कोंबडा का कोंबडी?" मी कोंबडी म्हटलं की तू चावून दाखवायचीस, आत लालभडक, म्हणजे कोंबडा. कोंबडा म्हटलं की आत फिकी. पुण्याच्या कॉन्व्हेंटात वाढलेल्या मला करवंद आतून दोन रंगांचं असतं हेही ठाऊक नव्हतं. शेवटी तू कंटाळून म्हणालीस, "बाई, तुमी शिकला तरी कुटं?" त्या दुपारी एवढंच घडलं. तांदूळ निवडून झाले, तू भुशीला घरी गेलीस. पण माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजायला बसले तर ती पहिल्या चारांत येईल.

अक्षराकडे पाहू नकोस. टाक जुना झाला आहे.

तुझं पाकीट मागच्या मंगळवारी पोचलं. आत चार ओळींचं पत्र आणि सोबत तो अर्ज. "शाळा उघडली की राजीनामा देणार आहे. त्यात तरी चूक राहू नये. लाल शाईनं तपासून पाठवा." हे तू हसत लिहिलंस की रडत, मला कळलं नाही. अकरा वर्षं लोहगडवाडीच्या मुलांना शिकवलंस, आणि राजीनाम्याची वेलांटी मला विचारतेस.

शाळेच्या तपासणीचा प्रकार तू दोन ओळींत उरकला आहेस, पण मी तो डोळ्यांसमोर आणू शकते. साहेबांनी अंबाजीच्या धाकटीला विचारलं, "तुझ्या गृही एकंदर मंडळी किती?" पोर गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मग तू म्हणालीस, "अगं, घरी कोन कोन हाय त्ये सांग की." आणि तिनं आज्यापासून गाईच्या वासरापर्यंत सगळे सांगितले. त्यावर साहेब सगळ्या मुलांदेखत म्हणाले, "आधी मास्तरणीलाच शाळेत घालायला हवं." आणि शेऱ्यात लिहिलं, शिक्षिकेची भाषा ग्राम्य व अशुद्ध. मुलं हसली, असं तू लिहितेस. कस्तुरा, मुलं साहेबांना भिऊन हसली असतील. मी वर्गावर तीस वर्षं काढली आहेत, मला दोन्ही हसणी ओळखता येतात.

आता एक कबूल करते. टाक जुना झालेला नाही. आणि तुझा अर्ज मी वाचला नाही, ऐकला.

डोळे गेल्या दिवाळीपासून उतरत चालले आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. मोतीबिंदू असता तर काढला असता; ही आतली शीर वाळते आहे म्हणाले, तिला औषध नाही. येत्या दिवाळीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल. हे पत्र मी पुठ्ठ्याची पट्टी धरून लिहिते आहे, ओळ संपली की पट्टी खाली. तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तू सगळं टाकून इकडे धावत आली असतीस. तशी येऊ नकोस. रतनबाई आहे.

रतनबाई तुला आठवते ना? तुम्हा मुलींना घरोघरून बोलावून शाळेत आणायची ती. चाळिशी उलटल्यावर माझ्याकडे अक्षरं शिकली, आणि हे गेल्यापासून माझ्याच घरी राहून मला दटावते. तुझा अर्ज तिनं वाचला. एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं. "मी... सदर... जागेस... नालायक..." इथं थांबली. म्हणाली, "ह्ये सोताला लिवलंय व्हय तिनं? का त्या सायबाला?"

मी म्हटलं, स्वतःला.

"मंग चुकलंय," म्हणाली. "काढा लाल शाई."

मी हसले, आणि मग मला हसता येईना. कारण त्या एका शब्दाला जबाबदार मी आहे. साहेबांनी तुला जे केलं ते त्यांच्याआधी मी केलं होतं. तुझ्या पत्रात तू दर वेळी लिहितेस, बाई, तुम्ही मला त्या दिवशी फळ्यासमोर उभं केलंत म्हणून मी मास्तरीण झाले. दर वेळी मी ते वाचून सुखावत आले आणि गप्प बसत आले. त्या दिवसाच्या आधीचं तू कधीच काढत नाहीस. विसरलीस म्हणून नाही, माझी लाज राखतेस म्हणून. हे मला माहीत आहे.

तर आता मीच काढते.

एकोणीस सालचा चैत्र. परीक्षा तोंडावर आलेली आणि तू आठ दिवस गैरहजर. नवव्या दिवशी आलीस, हातावर फोड, केसांना धुराचा वास. मी विचारलं, "कुठे होतीस?"

"राब भाजायला गेलते, बाई."

मला राब हा शब्द ठाऊक नव्हता. राबणं ठाऊक होतं. मी म्हटलं, "राबतात, कस्तुरा. भाजतात ती वांगी." वर्ग खो खो हसला आणि मीही हसले. तू पुन्हा तेच म्हणालीस. मला वाटलं, चुलीवर हात भाजून घेतला आहे आणि थाप मारते आहे. मी तुला पाटीवर पन्नास वेळा लिहायला लावलं, मी खोटे बोलणार नाही. पाच वेळा तुझी पाटी भरली, चार वेळा तू ती दाखवून पुसलीस. फोड आलेल्या हातानं. शेवटची दहा माझ्या टेबलावर ठेवून म्हणालीस, "झालं, बाई. पर मी राबच भाजायला गेलते."

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. तिसऱ्या दिवशीही नाही.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं नाही.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रतनबाईला घेऊन भुशीला आले. तुला रागवायलाच निघाले होते, खोटं कशाला सांगू. उतारावर पाहते तो शेतांतून धूर, आणि मध्येच काळे चौकोन, जसे कुणी जमिनीवर पाट्या मांडून ठेवाव्यात. मी घाबरून म्हटलं, "अगं, ही आग कुणी लावली?"

रतनबाई म्हणाली, "आग न्हाई बाई. राब हाय त्यो."

मी तिथंच उभी राहिले. तिला म्हटलं, "तू त्या दिवशी वर्गाच्या दारात होतीस. मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं कुटं?"

तू घरी नव्हतीस. आंबीला मावशीकडे गेली होतीस. धोंडाबाई अंगणात होत्या, कोपरापर्यंत राखेनं माखलेल्या. मला बघून त्यांनी आधी गूळ-पाणी दिलं. तुझ्या आईनं माझ्याशी एकही वावगा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "पोर म्हंती, शाळंत आमचं बोलनं खोटं धरत्यात."

मग मला शेतावर नेऊन दाखवलं. खाली शेण, त्यावर पाला, त्यावर गवत, वरून मातीचा थर. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा अशी भाजून घ्यायची. "वाऱ्याच्या तोंडानं पेटवला तं भर्रदिशी जळून जातो, बाई. खालची माती थंडच ऱ्हाती. म्हून उलट्या अंगानं लावायचा, दमानं. आन् मानूस हुबं ऱ्हायाला लागतं ढाळा घिऊन, आग दुसऱ्याच्या गवतात जाऊ नाय म्हून. औंदा पोरीचा बा तापानं पडल्याला. पोरच हुबी ऱ्हायली आठ दिस."

आठ दिवस. मी तुझं नाव घेऊन हजेरीत आठ फुल्या मारत होते, तेव्हा तू तिथं ओली फांदी घेऊन उभी होतीस.

मला तेव्हाच म्हणता आलं असतं, धोंडाबाई, माझी चूक झाली. जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "मुलीला पाठवा. परीक्षा आहे."

त्या म्हणाल्या, "धाडते. पर येक करा, बाई. पोरी हसल्या तं हसू द्या. तुमी हसू नगा."

निघताना मी त्यांना काय सांगितलं असेल? मी आले होते हे तिला कळू देऊ नका. "बरं," म्हणाल्या. सत्तावीस वर्षं त्यांनी ते कळू दिलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्याचं तुझं पत्र आलं, तेव्हा मी रडले ते नुसतं त्या गेल्या म्हणून नव्हतं. माझं एक ओझं त्या इतकी वर्षं कुणाला न दाखवता वाहत होत्या, आणि ते उतरवायला मी एकदाही गेले नव्हते.

परतीच्या वाटेवर मला माझी शाळा आठवली. आमच्या कॉन्व्हेंटात मराठी बोललं की गळ्यात लाकडी फळी घालत. दुसरी कुणी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती तुमच्या गळ्यात. मला ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी सात वर्षांची होते, दारात बोट चेंगरलं आणि मी "आई गं" म्हणाले होते. शिवण शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर बर्था होत्या. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं, फळी काढून आपल्या झग्याच्या खिशात टाकली, बोटाला चिंधी बांधली आणि हळूच विचारलं, "तू काय म्हणालीस? मला शिकव." मग स्वतः म्हणून पाहिलं, "आयी गॅ". मी इतकी हसले की बोट विसरले. त्या बाईंसाठी मी जीव दिला असता. पुढे त्यांच्याकडे सगळ्यांत कठीण टाका मी शिकले, तो फक्त त्या माझ्याकडून दोन शब्द शिकल्या होत्या म्हणून.

आणि ती फळी गळ्यात घातलेली मी, मोठी झाल्यावर दुसऱ्याच्या मुलीच्या गळ्यात घालत होते.

तू आलीस त्या दिवशी मी तुला फळ्यासमोर बोलावलं आणि म्हटलं, "राब म्हणजे काय ते आज कस्तुरा शिकवेल." तुला वाटलं हा मान. मुलींनाही वाटलं. खरं सांगायचं तर तो माझा पळपुटेपणा होता. चाळीस मुलींसमोर चूक झाली म्हणायला मी भीत होते, म्हणून खडू तुझ्या हातात दिला. खुर्चीवरही मी बसून राहिले असते. पण तू माझ्याकडे बघून मुलींच्या बसायच्या पट्टीवरची जागा दाखवलीस, "बाई, तुमी हितं बसा," आणि मी मुकाट्यानं पोस्टमास्तरांच्या इंदूशेजारी मांडी घालून बसले.

काय शिकवलंस गं तू! "भाकर जाळली तं खाता का? न्हाई ना? मंग मातीबी जाळायची नसती, भाजायची." इंदूनं नाक मुरडून विचारलं, "पण माती आपण खायची आहे थोडीच?" तू म्हणालीस, "तू न्हाई खात. भाताचं रोप खातं." मागच्या मुली हसल्या, पण आता इंदूला. मी हसले नाही. तुझ्या आईला दिलेला शब्द होता, आणि डोळेही भरले होते.

त्या रविवारी मी एक वही शिवली. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला ज्या मुलीनं शिकवला तिचं नाव. पहिली ओळ: राब, कस्तुरा कोंडाजी, भुशी. पुढे मी निवृत्त होईपर्यंत ती वही भरत राहिली. मुलींना कळलं की बाई शब्द घेतात, तेव्हा बुजऱ्यातली बुजरी मुलगीही मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन उभी राहायची, "बाई, येक शब्द हाय." आणि जी आपला शब्द द्यायला आली तिला माझा शब्द घ्यायला कधी जड गेलं नाही. व्याकरण, हिशेब, भूगोल, सगळं मी त्या वाटेनं शिकवलं. लोक म्हणतात बाईंचा हात चांगला होता. हात तुझा होता. त्याआधीची माझी तीन वर्षं मी नुसती बोलत होते.

आता साहेबांविषयी. ते म्हणतात त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मुलांना पुस्तकाची भाषा यायलाच हवी, नाहीतर उद्या कचेरीत त्यांना कुणी उभं करणार नाही. ती तू शिकवतेस. तुझ्या मुलांची पत्रं मी पाहिली आहेत, ऱ्हस्वदीर्घ माझ्या मुलींपेक्षा बरं आहे. पण अंबाजीची धाकटी आधी दोन महिने शाळेत तोंड उघडत नव्हती, हे तूच मला लिहिलं होतंस. तू एकदा "कुटं दुखतंय गं?" विचारलंस आणि ती बोलली. साहेबांच्या प्रश्नाला ती गप्प होती, तुझ्या प्रश्नाला बोलली. तपासणी व्हायची ती तिथं झाली. शेरा चुकला.

आणि जो शब्द सत्तावीस वर्षं जिभेवर आला नाही तो आता लिहिते, कारण लिहायला उजेड थोडाच उरला आहे. माझी चूक झाली, कस्तुरा. तू खरं बोलली होतीस आणि मी तुला पन्नास वेळा खोटं लिहायला लावलं. ते पन्नास वेळांचं लिहिणं तुझ्या मनात कुठेतरी पुसायचं राहिलं असावं, नाहीतर एका माणसाच्या एका शेऱ्यानं तू स्वतःला नालायक म्हटलं नसतंस. तो शब्द तुझा नाही, मी तुझ्या हातून लिहवून घेतला होता. मला क्षमा कर. आणि जे तुझ्यामुळे मला मिळालं त्याबद्दल काय म्हणू? आभार हा शब्द विद्यार्थिनीला लिहायची रीत नाही. तरी लिहिते.

हात दुखायला लागला. पुढचं मी सांगते आणि रतनबाई लिहिते. तिच्या अक्षराला हसू नकोस.

कपाटातली पुस्तकं मला आता उपयोगाची नाहीत, तेव्हा वाटून टाकते आहे. मोठा शब्दकोश इथल्या मुलींच्या शाळेला द्यावा. शिवणाची पेटी सिस्टर बर्थांची, ती तुझ्या थोरलीला; सुया गंजल्या असतील, डबी चांगली आहे. भिंग रतनबाईला. (म्या नगं म्हनलं, पर आयकत न्हाईत. रतन.) लाल शाईच्या दोन दौती कुणालाही देऊ नयेत, परसात ओताव्यात.

शब्दांची वही या पत्रासोबत येत आहे. ती तुला दिलेली नाही, तुझ्या शाळेतल्या मुलांना दिली आहे. शेवटची बरीच पानं कोरी आहेत. पुढचा शब्द अंबाजीच्या धाकटीचा असावा आणि पुढे तिचंच नाव लिहावं.

अर्ज पाकिटात परत घातला आहे. एकही खूण केलेली नाही. तो साहेबांना द्यायचा की चुलीला, ते तुझं तू ठरव. मी तुला पुन्हा काही लिहायला लावणार नाही.

आता टाक माझ्या हातात घेतला आहे. एक द्यायचं राहिलं. आजवर तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली मी "बाई" अशी सही केली. शाळेतून निघाले तरी ते नाव मी सोडलं नव्हतं. ते आता लोहगडवाडीला असू दे, तिथं मुलांना त्याची गरज आहे.

मी नुसती,

तुझी
इंदिरा